नाथसागरात एकट्यानं उतरायचं म्हणतोस

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स झाला, कार्ड हातात आलं, आणि संभाजीनगरला परतल्यावर सोबत पाण्यात उतरायला कुणी मिळेना. म्हणून पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, एकट्यानंच उतरायचं तुझ्या मनात आलंय. अडचण खरी आहे, पण तू काढलेला मार्ग मला पटलेला नाही.

आधी जाळ्याचं ऐक. धरणात मासेमारी चालते, आणि तुटून खाली राहिलेलं तंगूसाचं जाळं गढूळ पाण्यात दिसत नाही. ते अडकतं नेमकं मानेमागं, टाकीच्या व्हॉल्व्हला. पायाला सुरी बांधलेली असली तरी हात तिथवर पोचत नाही, आणि सोडवायला म्हणून वळलास की जाळं आणखी गुंडाळत जातं. सोबत कुणी असेल तर तो मागून चार धागे कापतो, विषय संपला. एकट्याला मात्र त्या अंधारात टाकी बांधलेलं जॅकेट अंगातून उतरवून, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून न सोडता, टाकी पुढ्यात घेऊन सोडवावी लागते. जमतं हे, नाही असं नाही. पण पोहण्याच्या तलावात, शिकवणारा शेजारी असताना, डोळे झाकून घोटून घोटून केलं असेल तरच.

हवेचा हिशेबही मांडून बघ. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबानं हवा भरली की 2400 लिटर हवा होते. शांत माणसाला पाण्याच्या वर मिनिटाला साधारण 20 लिटर लागते, 20 मीटरवर दाब तिप्पट म्हणून 60. घाबरलास की तीही दुप्पट. बिघाड झाला तर जोडीदाराचा ऑक्टोपस, म्हणजे त्याच्या टाकीला लावलेला जादा रेग्युलेटर, हीच तुझी दुसरी टाकी. तो नसेल तर स्वतःची वेगळी छोटी टाकी हवी, तिला रेग्युलेटरही वेगळा. 3 लिटरच्या टाकीत 600 लिटर मावते. तेवढ्यात 20 मीटरवरून सावकाश वर येऊन 5 मीटरवर सुरक्षेसाठी 3 मिनिटं थांबता येतं. एकट्यानं डाइव्ह करायचे रीतसर कोर्स आहेत, पण डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था, पॅडी काय नि एसडीआय काय, आधी 100 डाइव्हची नोंद मागतात. तुझं लॉगबुक अजून कोरंच म्हणायचं.

याचा अर्थ कुणीही सोबत आला की झालं, असा घेऊ नकोस. समुद्रात कॅमेऱ्यात डोळा घालून दूर कुठंतरी तरंगणारा जोडीदार मी पाहिलाय. तसल्यापेक्षा नसलेला बरा, निदान आपण त्याच्या भरवशावर तरी राहत नाही.

आणि खरी गोम पुढंच आहे. मालवणच्या पाण्यात जोडीदार दिसतो. नाथसागरात पावसाळ्यानंतर स्वतःचा पंजा दिसणं मुश्कील. तिथं दोघं उतरले तरी दोघंही एकटेच. म्हणून शोधकामाला जाणारे पाणबुडे अशा पाण्यात बहुधा एकालाच खाली सोडतात. त्याच्या अंगाला दोर, दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि दुसरा पाणबुडा सगळा साज चढवून शेजारी तयार बसलेला. आपल्याकडं विहिरीतली मोटार काढायला माणूस उतरतो, तेव्हा वर कासरा धरून कुणीतरी उभा असतोच की. तेच हे. तुला डायव्हर सापडत नसतील तर त्यातला एकच शोध; दोर धरायला मात्र डोकं थंड असलेला, मोबाइल खिशात ठेवणारा दोस्त चालेल. किती हिसक्यांचा अर्थ काय, हे उतरण्याआधी दोघांनी पाठ करा. दोर जॅकेटला बांधू नकोस, आतून वेगळा पट्टा घालून त्याला बांध, म्हणजे जॅकेट काढावं लागलं तरी दोर तुझ्यापाशी राहील. दोन्ही माणसं जुळेपर्यंत काठावरच थांब.

समुद्रात शिकलेल्याला इथं आणखी दोन गोष्टी चकवतात. गोड्या पाण्यात शरीर कमी तरंगतं, तेव्हा कमरेचं शिसं दोनेक किलोनं कमी कर, नाहीतर तळाच्या गाळात जाऊन बसशील. दुसरं म्हणजे उंची. जायकवाडी भरलं की पेपरात 1522 फूट छापून येतं, ती पाण्याची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची, म्हणजे 464 मीटर. 300 मीटरच्या वर डाइव्ह केली की किती खोल किती वेळ राहायचं ते सांगणारे समुद्रासाठीचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. तेच हिशेब करणारा डाइव्ह कॉम्प्युटर उंचीसाठी लावलाय का ते बघ. मालवणहून परततानाही हेच ध्यानात ठेव. डाइव्ह झाल्या झाल्या गाडी काढून घाट चढू नकोस, रात्री तिथंच मुक्काम कर.

आणि हो, ते पक्षी अभयारण्य आहे. धरणवाल्यांची आणि वनखात्याची लेखी परवानगी लागेल, आणि दरवाजे नि पाणी उपसायची जॅकवेल यांच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. अर्ज लिहिलास की आधी मला दाखव.

तुझा,
काका