‘तो काही करत नाही हो!’

गेल्या महिन्याभरात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत: मोकळी सोडलेली कुत्री, त्यांचं अंगावर येणं आणि त्यावरून शेजाऱ्यांत होणारी भांडणं. म्हणून या वेळी लसीकरण, गोचिडी, खाणंपिणं हे विषय बाजूला ठेवते आणि फक्त हीच पत्रं घेते.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या विश्रामबागेत राहतो. शेजारचे काका रोज पहाटे त्यांचा लॅब्रॅडॉर मोकळा सोडतात आणि स्वतः मोबाइलवर बोलत मागून येतात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. परवा तो त्यांच्या अंगावर उडी मारायला आला. कुंपणाचा गज हाताला लागला म्हणून त्या पडता पडता वाचल्या. काका हसत म्हणाले, ‘तो काही करत नाही हो!’ आमचे संबंध चांगले आहेत, ते बिघडवायचे नाहीत. कसं सांगू?

उत्तर : ताई, काका खोटं बोलत नाहीत, त्यांना मनापासून तसंच वाटतं. लॅब्रॅडॉर बहुतेक वेळा लाडातच येतो. पण पूर्ण वाढलेला नर तीस-पस्तीस किलोंचा असतो. तेवढं वजन पळत येऊन छातीवर आदळलं, तर नवीन गुडघा बसवलेल्या बाईला पाडायला त्याने चावायची गरज नाही.

काकांच्या लक्षात येत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. आपला कुत्रा प्रेमळ असला तरी समोरून येणारा तसा असेलच असं नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक पॉमेरेनियन कुत्री आली. ती पट्ट्यात होती, एक मोठा कुत्रा मोकळा पळत तिच्याकडे आला. पट्ट्यातल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, मग घाबरून ती आधी भुंकली, दात दाखवले आणि मोठ्या कुत्र्याने तिला मानेला धरलं. मालकीणबाई म्हणाल्या, ‘दोनच ठिपके आहेत, डॉक्टर.’ केस कापून पाहिलं, तर वर खरोखरच तांदळाएवढी दोन भोकं होती. बोट लावलं तर आतली कातडी मांसापासून तळहाताएवढी सुटलेली. मोठ्या कुत्र्याने दातांत उचलून हलवल्यावर असंच होतं. टाके घातले, निचऱ्याची नळी ठेवली, ती वाचली. मोठ्या कुत्र्याचा मालक तेव्हाही तेच म्हणत होता: आजवर त्याने कधी काही केलं नाही.

आता सांगायचं कसं. रस्त्यात, कुत्रा समोर असताना सांगू नका. त्या वेळी माणूस कुत्र्याची बाजू घेऊन बोलायला लागतो. संध्याकाळी घरी जा, सासूबाईंना सोबत न्या. कुत्र्याबद्दल तक्रार करण्यापेक्षा गुडघ्याबद्दल बोला: ‘काका, आईंना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि त्या आता भीतीने बाहेर पडत नाहीत. सहा ते सात एवढा वेळ त्याला पट्ट्यात ठेवाल का?’ वेळ ठरवून मागितली की माणूस सहसा नाही म्हणत नाही. दोनदा सांगूनही फरक पडला नाही, तर सोसायटीला लेखी द्या आणि तारीख घाला. तेही संबंध राखूनच करता येतं.

तोवर सासूबाईंना एक शिकवून ठेवा. कुत्रा धावत आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही. जागीच थांबायचं, नजर त्याच्या डोळ्यांवरून काढायची आणि छत्री किंवा पिशवी मध्ये धरायची. बहुतेक कुत्री वास घेऊन निघून जातात.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावधान’ अशी मोठी पाटी आहे. तरीही कुणी आत आलं आणि चावला, तर जबाबदारी आमचीच का?

उत्तर : हो. पाटीमुळे येणारा सावध होतो, तुमची जबाबदारी संपत नाही. पोस्टमन, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, चेंडू आणायला आलेलं पोर हे सगळे फाटकातून येणारच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावर बाळगणाऱ्याच्या हयगयीबद्दल आहे. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फाटकाला आतून कडी आणि बाहेर घंटा लावा. पाटी राहू द्या.

प्रश्न : आमचा जर्मन शेफर्ड साडेतीन वर्षांचा आहे. सुट्टीत पुण्याहून पाच वर्षांचा नातू आला होता. कुत्रा जेवत असताना तो जवळ गेला, तर कुत्रा गुरगुरला. मी त्याला काठीने चांगलाच बडवला. पुन्हा गुरगुरला नाही, पण आठवड्याने एकदम नातवाच्या हाताकडे झडप घातली. हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून तो दिवसभर व्हरांड्यात साखळीला आहे. घरचे म्हणतात, लांब माळावर नेऊन सोडा.

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला नातू आणि कुत्रा दोघांचीही काळजी आहे म्हणूनच तुम्ही लिहिलंत, त्यामुळे स्पष्ट बोलते.

गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना होती. ‘हे माझं आहे, जवळ येऊ नको, मला भीती वाटते’ हे त्याला त्याच्या भाषेत एवढंच सांगता येतं. त्यासाठी मार बसला, तेव्हा तो शिकला की सूचना दिली की काठी पडते. ताटाजवळ पोर आल्याची भीती तशीच राहिली, फक्त तिचा आवाज बंद झाला. म्हणून पुढच्या वेळी न सांगता झडप आली. कुत्रा गुरगुरला की पोराला शांतपणे बाजूला घ्या आणि कुत्र्याला काहीही बोलू नका. गुरगुरणारा कुत्रा तुम्हाला अजून वेळ देतोय.

गुरगुरण्याच्याही आधीच्या खुणा असतात, त्या घरातल्या सगळ्यांनी ओळखायला शिकावं. खाता खाता तोंड एकदम थांबतं. अंग ताठ होतं. मान ताटावरच राहते आणि डोळे तिरके वळतात, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. भूक नसताना ओठ चाटतो. शेपूट हलते म्हणजे खूश, हे तर अजिबात धरू नका. वर ताठ उभी राहून नुसतं टोक थरथरणारी शेपूट ही तणावाची असते.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, त्याला तपासायला घेऊन या. या जातीत खुब्याचं दुखणं बरंच आढळतं. कान, दात, पोट यांपैकी काही दुखत असेल तरी कुत्रा चिडका होतो. दुसरी, त्याचं जेवण बंद दाराआड. नातू घरात असेल तेव्हा याला अपवाद नाही, ‘आज जरा’सुद्धा नाही. तिसरी, नातू नसताना मोठ्या माणसाने सराव करायचा. तो जेवत असताना पाच-सहा पावलांवरून जायचं, जाता जाता चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि न थांबता पुढे निघायचं. कोणी जवळ आलं की ताटातलं जात नाही, उलट भर पडते, हे त्याला पटलं पाहिजे. आठवडेच्या आठवडे लागतात. अंग ताठ होताना दिसलं तर अंतर वाढवा.

पुढच्या सुट्टीत नातू येईल तेव्हा मुसकं वापरा. मळणीत बैलाला बांधतात तसंच, फक्त कुत्र्याचं जाळीचं मिळतं. त्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे. आधी महिनाभर त्यात खाऊ ठेवून त्याची सवय लावा. पण मुसकं घातलं म्हणून पोराला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही.

आणि ती साखळी काढा. दिवसभर बांधलेला कुत्रा जास्त चिडका होतो, हे मी रोज पाहते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीला बांधणं, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडू-फिरू न देणं आणि कारण नसताना जनावर टाकून देणं, या तिन्हींना गुन्हा मानतं. माळावर सोडलेला घरचा कुत्रा आठवडाभर रस्त्याकडे तोंड करून बसतो. मग एक तर उपाशी मरतो, नाही तर कुणाच्या तरी शेळीला किंवा पोराला धरतो. असं करू नका. गुरुवारी दुपारी दवाखान्यात गर्दी नसते, तेव्हा त्याला घेऊन या.

प्रश्न : जतजवळच्या आमच्या वस्तीवर वाढलेला कारवान कुत्रा दोन वर्षांचा आहे. नोकरीमुळे कुपवाडला आलो, त्यालाही आणला. गावाकडे कधी बांधला नव्हता. इथे त्याने शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या आणि एक मांजर मारलं. माणसांशी मात्र एकदम गरीब आहे. तो हिंस्र झाला आहे का?

उत्तर : नाही, तो कारवानच आहे! मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने जोपासलेली ही जात. कर्नाटकात तिला मुधोळ हाउंड म्हणतात, आपल्याकडे कारवान. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा हा कुत्रा. समोर काही पळालं की त्याचं अंग आधी सुटतं आणि हाक नंतर ऐकू येते. माळावर ससा होता, कुपवाडात मांजर आहे. त्याच्या दृष्टीने फरक काहीच नाही. उद्या मांजरामागे तो भर रहदारीत शिरेल, स्वतः मरेल आणि एखाद्या दुचाकीवाल्यालाही पाडेल.

त्यामुळे फाटकाबाहेर पट्टा हवाच. साधा गळपट्टा मात्र चालणार नाही. कारवानचं डोकं निमुळतं असतं, मागे ओढलं की पट्टा कानांवरून सटकन निघून येतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. पळायला त्याला जागा लागतेच, ती तोडू नका. आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण असलेल्या मोकळ्या रानात न्या आणि हार्नेसला बैलाचा लांब कासरा बांधा. हाक मारली की आला, तर खाऊ द्या आणि पुन्हा पळू द्या. हाकेवर आला की लगेच घरी, असं केलंत तर तो यायचंच बंद करेल.

कोंबड्यांचे आणि मांजराचे पैसे द्या, शेजाऱ्यांनी मागण्याआधी. मांजराची भरपाई पैशांनी होत नाही, तरीही जाऊन बसा त्यांच्याकडे.

प्रश्न : मी रोज रात्री गल्लीतल्या पाच कुत्र्यांना भात-दूध घालते. अलीकडे ती दुचाकींच्या मागे लागतात. शेजारी मला शिव्या देतात. मी खाऊ घालणं बंद करू का?

उत्तर : बंद करू नका, पण आहे तसंही चालू ठेवू नका. जिथे खाऊ मिळतो ती जागा कुत्र्यांना आपली वाटते आणि ती राखायला लागतात. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी घालत असाल, तर ती गल्लीचं तोंड राखणार. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार खाऊ घालायची जागा जिने, इमारतीचं प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी. वेळही मुलं आणि म्हातारी माणसं ये-जा करतात ती नको. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई केली आणि पालिकांना प्रत्येक प्रभागात त्यासाठी जागा ठरवायला सांगितलं. तेव्हा प्रभाग कार्यालयात अर्ज द्या आणि शक्य झालं तर शिव्या देणाऱ्यांपैकी एकाची सही त्यावर घ्या.

पाचांपैकी किती जणांच्या कानाला खाच आहे, तेही बघा. खाच म्हणजे नसबंदी झालेली. भाद्रपदात माद्या माजावर येतात, नर एकमेकांना फाडतात आणि मध्ये सापडलेल्या माणसालाही चावतात. पुढे थंडीत पिल्लांच्या आया अंगावर येतात. ही बरीचशी भांडणं शस्त्रक्रियेने थांबतात. तुमच्या हातचं खातात म्हणून ती तुमच्याच हातात पकडून देता येतात. नसबंदीच्या गाडीला तुमच्याइतकी मदत दुसरं कोणी करू शकत नाही.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला मैत्रिणीच्या घरच्या कुत्र्याचा दात लागला. थोडंसं रक्त आलं. कुत्र्याला लस दिलेली आहे असं ते म्हणतात. आम्ही हळद लावली. इंजेक्शन घ्यावं का?

उत्तर : हे पत्र वाचलं त्याच दिवशी मी या बाईंना फोन केला. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी. रक्त आलं म्हणजे ती तिसऱ्या श्रेणीची जखम, म्हणजे लस तर हवीच, शिवाय जखमेत सोडायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं औषधही हवं. ‘लस दिली आहे’ या तोंडी शब्दावर थांबू नका. लसीचं कार्ड मागा, तारीख बघा, पण दवाखान्यात आधी पोचा.

हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. नळाखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. मूल रडेल, तरी धुवायची. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीही वाचत नाही, जे करायचं ते त्याआधीच. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. कुत्र्याला बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, मारायचं किंवा हाकलायचं नाही. दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर पुढचे डोस घ्यायचे का ते डॉक्टर ठरवतील.

कातडीत देतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८, स्नायूत देतात तिचे ०, ३, ७, १४ आणि २८. जखम आठवडाभरात भरून येते आणि पुढची तारीख विसरली जाते. पहिलं इंजेक्शन घेऊन घरी आलात की बाकीच्या तारखांभोवती कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवा.