घराची निगा : धुराड्याचं अस्तर

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात आम्ही 1898 सालचं, रांगेतलं विटांचं घर घेतलं आहे. जुन्या फायरप्लेसच्या जागी बंद दाराचा, लाकूड जाळणारा 5 किलोवॅटचा स्टोव्ह बसवायचा आहे. एक कारागीर म्हणतो, इतकी वर्षं धूर गेला तसाच पुढेही जाईल. दुसरा आतून स्टीलचा लायनर, म्हणजे अस्तराची नळी, सोडायला सांगतो. कोणाचं ऐकावं?

उत्तर : दुसऱ्याचं ऐका. त्या काळी धुराड्याला आतून चुन्याचा गिलावा करत, बऱ्याचदा त्यात गाईचं शेण कालवून. आपल्याकडच्या सारवणाचीच ही जात म्हणायची. कोळशाच्या धुरातलं गंधक आणि वरून झिरपणारं पाणी यांनी हा गिलावा भुसभुशीत होतो आणि सांधे मोकळे पडतात. तिकडच्या नव्या बांधकामात धुराड्याला आतून खापरी नळ्या सक्तीच्या झाल्या त्या 1960च्या दशकात. तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं.

दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. उघड्या शेकोटीची बरीचशी उष्णता वर निघून जायची, त्यामुळे धुराडं गरम राहायचं. स्टोव्ह उष्णता खोलीत ठेवतो आणि वर थोडा, सावकाश जाणारा धूर पाठवतो. जुनं धुराडं बहुधा 9 इंच बाय 9 इंच, म्हणजे सुमारे 500 चौरस सेंटिमीटर. 150 मिलिमीटरच्या गोल लायनरचं क्षेत्रफळ 177. जवळजवळ तिप्पट मोठ्या, थंड पोकळीत तो धूर निवतो, ओढ कमी होते आणि भिंतीवर डांबरासारखी चिकट काजळी बसते. एखाद्या दिवशी तीच पेट घेते.

काम असं होतं. आधी धुराडं कसून झाडून घ्यायचं. जुनी काजळी लायनरच्या मागे राहिली तर पावसाळी हवेत तिचा वास घरात येतो. मग धुराची कांडी पेटवून, वरचं तोंड झाकून धूर कुठून गळतो ते पाहायचं. हे करताना शेजाऱ्यांना त्यांच्या झोपण्याच्या खोल्या तपासायला सांगा. सामाईक भिंतीत दोन घरांची धुराडी शेजारी शेजारी असतात, आणि मधली अर्ध्या विटेची आडभिंत ढासळली असेल तर तुमचा धूर त्यांच्या खोलीत निघतो. मग वरून दोरीला वजनदार गोळा बांधून सोडायचा. तो अडला तर तिथे वळण अरुंद आहे किंवा विटा पडल्यात. भिंत फोडून ती जागा मोकळी करावी लागते. लायनर ओढूनताणून कोंबला की नेमका तिथेच चेपतो.

लांबीचं माप दोरीनेच घ्या आणि अर्धा मीटर जास्त मागवा. लाकडासाठी आतून गुळगुळीत असलेला दुपदरी लवचिक लायनर लागतो. एकपदरी मिळतो तो गॅससाठी. फक्त सुकं लाकूड जाळणार असाल तर 316 प्रतीचं स्टील पुरतं. धूररहित कोळसाही घालणार असाल तर 904 प्रत घ्या, कारण कोळशातलं गंधक उन्हाळ्यात बंद धुराड्यातल्या ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतं आणि हलकं स्टील खातं. व्यास स्टोव्हच्या पुस्तिकेत असेल तोच ठेवा. काही स्टोव्हना 125 मिलिमीटर चालतो, पण तसं त्यात लिहिलेलं हवं.

एक जण वरून लायनर सोडतो, दुसरा खालून दोरी ओढतो. लायनरवर दिशेचा बाण छापलेला असतो. उलटा सोडला तर आतल्या पट्ट्यांच्या कडा वर तोंड करून राहतात आणि ओघळणारं डांबर त्यांत अडकतं. वर पकडपट्टी आणि टोपी, खाली जाड पत्र्याची आडवी पाटी आणि स्टोव्हच्या नळीचा जोड. भोवतीच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णता धरून ठेवणारे हलके खनिज दाणे, भरा. 8 मीटर उंचीला 100 लिटरची साधारण 3 पोती लागतात. पैसे वाचवायला बरेच जण हे गाळतात, पण लायनर उबदार ठेवतं ते हेच भरण.

हेटास या तिकडच्या स्टोव्ह बसवणाऱ्यांच्या नोंदणी संस्थेची नोंदणी असलेला कारागीर कामाचं प्रमाणपत्र देतो. तसा नसेल तर काम सुरू करण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या बांधकाम विभागाला कळवा. घर विकताना हा कागद मागतात. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलाच पाहिजे. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर नको, आणि रात्रभर हवा कोंडून स्टोव्ह धुमसत ठेवू नका. चांगला लायनर अकाली जातो तो या सवयीनेच.

प्रश्न : न्यू जर्सीतलं आमचं विटांचं घर 1926 सालचं आहे. दोन वर्षांपूर्वी घर गरम करणारी, 95 टक्के कार्यक्षमतेची नवी फर्नेस बसवली, तिचा धूर प्लास्टिकच्या नळीने बाजूच्या भिंतीतून जातो. आता पोटमाळ्यावर धुराड्याच्या विटांना पांढरा लोणा आलाय आणि तळघरातलं साफसफाईचं झाकण उघडलं की खापराच्या कपच्या सापडतात. फर्नेसचा तर आता धुराड्याशी संबंधच नाही.

उत्तर : फर्नेसचा नाही, पण गॅसचा वॉटर हीटर अजून त्याच धुराड्याला जोडलेला असणार. दोघं मिळून ते गरम ठेवत होते, आता हीटर एकटा पडलाय. एक थर्म (तिकडच्या गॅसबिलातलं माप) नैसर्गिक गॅस जळला की साधारण 4 लिटर पाणी वाफ होऊन निघतं. मोठ्या थंड धुराड्यात ही वाफ छपरापर्यंत पोचण्याआधीच भिंतीवर घाम होऊन बसते. ते पाणी आम्लयुक्त असतं. ते सांधे आणि खापर खातं, विटांतले क्षार विरघळवतं, आणि हिवाळ्यात गोठून कपच्या उडवतं.

साधा हिशेब करून पाहा. हीटरची नळी 3 इंचांची असेल तर तिचं क्षेत्रफळ 7 चौरस इंच. घराच्या आत असलेल्या धुराड्याचं क्षेत्रफळ याच्या सातपटीहून, म्हणजे 49 चौरस इंचांहून जास्त नसावं. 8 बाय 12 इंची खापरी नळी आतून याहून बरीच जास्त भरते. धुराडं बाहेरच्या भिंतीत असेल तर ते आणखी थंड, तिथे सातपटीची सूटही नाही.

फक्त अशा हीटरसाठी ॲल्युमिनियमचा लवचिक लायनर चालतो आणि स्वस्त पडतो. मात्र तळघरात कपडे धुताना ब्लीच वापरत असाल तर स्टेनलेस स्टीलच घ्या, क्लोरीनची वाफ ज्वालेत गेली की ॲल्युमिनियम टिकत नाही. कंत्राटदाराने लायनरचा व्यास धुराड्याची उंची आणि हीटरचे बीटीयू (उष्णतेचं माप) यांच्या तक्त्यावरून काढला का, ते विचारा. नालीदार लायनर असेल तर तक्त्यातली क्षमता 20 टक्क्यांनी कमी धरावी लागते.

तोवर आजच एक तपासणी करा. खिडक्या-दारं बंद, स्वयंपाकघरातला पंखा आणि कपड्यांचा ड्रायर चालू, हीटर 5 मिनिटं पेटलेला. मग हीटरच्या वरच्या टोपीच्या कडेला पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला गेला तर हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि लगेच तंत्रज्ञाला बोलवा, कारण त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही घरात येऊ शकतो. हीटर दहा-बारा वर्षांचा झाला असेल तर लायनरवर खर्च करण्याआधी विजेच्या हीटपंपाच्या हीटरचं दरपत्रक मागवा. तो घेतलात तर धुराड्याला फक्त वरून टोपी लावून भागतं.

प्रश्न : महाबळेश्वरच्या आमच्या जुन्या बंगल्यात उघडी शेकोटी आहे. विटांचं धुराडं तडकलंय म्हणून कंत्राटदार आतून 6 इंची स्टीलचा पाइप सोडतो म्हणतो. चालेल का?

उत्तर : नाही, दिवाणखाना धुराने भरेल. उघड्या शेकोटीला तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक दशांश धुराडं लागतं. तोंड 36 बाय 30 इंच धरलं तर 1080 चौरस इंच, म्हणजे धुराडं 108 हवं. 6 इंची पाइपचं क्षेत्रफळ 28. तुम्हाला 12 इंची लायनर लागेल, आणि तो आत मावेल की नाही ते मापूनच सांगता येईल. मावत नसेल तर बंद दाराचा स्टोव्ह घ्या, त्याला 6 इंच पुरतात. गवंडी आतून सिमेंटचा गिलावा सुचवेल, तो करू नका. तापून-निवून सिमेंट तडकतं आणि विटेचा पापुद्राही सोबत घेऊन पडतं.

दुरुस्तीनंतर धूर थोडा खोलीत येत असेल तर शेकोटीच्या तोंडाच्या वरच्या कडेला पत्र्याची पट्टी आडवी धरा आणि बोटभर बोटभर खाली सरकवत जा. जिथे धूर थांबेल तिथे खूण करा आणि तेवढ्याच रुंदीची पट्टी कायमची बसवून घ्या.