आईचे नव्वद दिवस जपून वापर

तुझा प्रश्न मला कळला तो असा: सोळावा आठवडा सुरू आहे, नवऱ्याची इथली, नेदरलँड्समधल्या आइंटहोव्हनची नोकरी पक्की झाली आहे, घरचे सगळे ‘पहिलं बाळंतपण माहेरीच’ म्हणताहेत आणि आता पुण्यात बाळंत होऊन मग जावं की आत्ताच जावं, हे ठरत नाहीये. शेवटी हेही विचारलंस की बाळंतविडा इथूनच न्यायचा का. ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते.

माझं मत, ये. फक्त आईला लवकर बोलावू नकोस.

हे मी स्वतः चुकून शिकले. २०२२ साली माझी तारीख २१ नोव्हेंबरची होती. पहिलटकरीण, काही लवकर झालं तर, म्हणून साताऱ्याहून आईला १७ ऑक्टोबरलाच आणलं. दिवाळी एकत्र झाली, आईने चकल्या तळल्या, मी पोट सांभाळत फुलबाज्या लावल्या, मजा आली. बाळ मात्र आठवडा उशिरा, २८ नोव्हेंबरला आलं. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात पाहुणा म्हणून येण्याच्या व्हिसावर, माणसाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि त्यात येण्याचा नि जाण्याचाही दिवस धरतात. आई १४ जानेवारीला, ऐन भोगीला परत गेली. आदल्या दिवशी घाईघाईने बोरन्हाण उरकलं, बोरं कुठली, बेदाणे आणि ब्लूबेरी. लेक सत्तेचाळीस दिवसांची होती. आईच्या नव्वदातले बेचाळीस दिवस माझे पाय चेपण्यात आणि पडद्यांना इस्त्री करण्यात गेले होते. मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नकोस, आणि आईवडिलांना कायमचं आणायची वाट तर आपल्यासारख्यांना जवळपास बंदच आहे.

मग सुरुवातीला कोण करणार, असं तुझ्या आईच्या मनात येईल. त्याचं उत्तर या देशाकडे आहे. त्याला क्रामझोर्ख म्हणतात. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस एक प्रशिक्षित बाई घरी येते, दिवसाला काही तास. ती टाके बघते, ताप मोजते, बाळाचं वजन घेते, अंगावर पाजायला शिकवते, न्हाणीघर धुते, सँडविच करून देते, आणि आलेले पाहुणे फार वेळ बसले तर त्यांना उठवतेही. नेहमीच्या विम्यात हे येतं, आपल्याला ताशी पाचेक युरो भरावे लागतात. आपल्याकडे पैसे मोजूनही अशी बाई सहज मिळत नाही. मात्र या बायका कमी पडतात, म्हणून इथल्या बायका बाराव्या-सोळाव्या आठवड्यातच नाव नोंदवतात. तुला उशीर झालेला असेल, तेव्हा घराचा पत्ता आणि विमा हातात आला की पहिल्या आठवड्यातलं पहिलं काम हे. दुसरं काम फर्लोसकुंडिखे शोधण्याचं, म्हणजे सुईण. अडचण नसेल तर इथे सगळं तीच बघते, स्त्रीरोगतज्ज्ञ तुझ्या नजरेलाही पडणार नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं आणि सगळं ठीक असलं तर काही तासांत घरी पाठवतात. माझ्या सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आमचं बिल थकलंय.

आता, आई आणि ही बाई एकाच घरात. माझ्याकडे दोघी एकदमच होत्या आणि दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती. बाई सकाळी आली की खिडकी उघडायची, तिची पाठ वळली की आई लावायची. आईला माझे कान बांधायचे होते, बाईला मला अंघोळीला पाठवायचं होतं. आईला बाळाला तेल चोळायचं होतं, बाई म्हणाली नाळ पडू द्या. बाळ उताणंच झोपवायचं, उशी नको, दुलई नको, हे ऐकून आई म्हणाली, ‘एवढ्या थंडीत उघडंच टाकायचं म्हण की.’ मग बाईने पाळण्यात बाळापासून अंतर ठेवून गरम पाण्याची धातूची बाटली ठेवली. तिला क्राउक म्हणतात. आईने हात लावून बघितला आणि मान डोलावली. शेक म्हटल्यावर आईची हरकत संपली. मी मधे पडून दुभाषी झाले, टाक्यांवर बसून, आणि तो त्रास तुला होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पहिले आठ दिवस बाई आणि नवरा, आणि नवव्या दिवशी आईचं विमान. बारशाला ती पोचतेच.

एक गोष्ट मात्र आईने बघावी असं वाटतं, ती बाई असतानाच घडते, म्हणून फोटो काढून ठेव. बाळ झालं की इथे पेढ्यांऐवजी बेसखाउट मेट माउशेस देतात. गोल कुरकुरीत टोस्ट, त्यावर लोणी, त्यावर साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे. मुलगी असली तर गुलाबी-पांढरे, मुलगा असला तर निळे-पांढरे. माउशेस म्हणजे छोटे उंदीर, दाण्याचं टोक शेपटीसारखं दिसतं म्हणून. बाई म्हणाली, बाळंतिणीला दूध यावं म्हणून हे दाणे, अशी जुनी समजूत. मी आईला सांगितलं. आईने काही न बोलता डब्यातून भाजलेला बाळंतशेपा काढून बाईच्या तळहातावर ठेवला. त्यानंतर खिडकीवरून भांडण झालं नाही. म्हणजे झालं, पण हसत.

धुरीचं मात्र विसर. २०२२च्या जुलैपासून इथे घराच्या प्रत्येक मजल्यावर धूर ओळखणारा अलार्म सक्तीचा आहे. आईने पाचवीच्या संध्याकाळी तव्यावर पेटलेला कोळसा ठेवून त्यावर ओवा आणि वेखंड टाकलं, आणि पुढची दहा मिनिटं बाळ, बाळंतीण आणि अलार्म तिघंही ओरडत होतो. शेजारची म्हातारी रोबमध्येच आली. दृष्ट काढलीस तर मीठमोहरी गॅलरीत जाळ.

बारशावरून आठवलं, नाव आधी ठरवून ठेव. बाळ जन्मल्यापासून तीन दिवसांत खमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंद करावी लागते आणि ती नावासकट. बाराव्या दिवसापर्यंत थांबायची सोय नाही. आमचं नाव आत्याने कानात सांगायच्या नऊ दिवस आधी एका डच कारकुनाला माहीत होतं. आत्या अजून तो टोमणा मारते. आपल्यासारखं मधे वडिलांचं नाव हवं असेल तर ते कसं लिहितात, हे नवऱ्याने आधीच विचारून ठेवावं. आणि दाखला आंतरराष्ट्रीय नमुन्यातला माग, पुढे भारतीय पासपोर्टला लागतो. इथे जन्मलं म्हणून बाळ डच होत नाही. हेगच्या भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत जन्म नोंदवायचा, पासपोर्ट घ्यायचा, इथला राहण्याचा परवाना काढायचा. हे सगळं हातात येईपर्यंत बाळाला घेऊन पुण्याला पळता येत नाही, हे लक्षात असू दे, कारण पळावंसं वाटणार आहे.

त्याबद्दलही लिहिते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं, त्याला डचमध्ये शब्दच आहे, क्रामट्रानन, बाळंतिणीचे अश्रू. बाईने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी घाबरले नाही. घाबरले ते जानेवारीत. आई गेलेली, नवरा कामावर, सकाळी पावणेनऊपर्यंत अंधार आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास परत अंधार. आईने भरून ठेवलेल्या डब्यांवर तिच्या अक्षरात ‘हळीव’, ‘डिंक’ लिहिलं होतं. मी हळिवाचा शेवटचा लाडू पंधरा दिवस खाल्लाच नाही. दिवसभर कुणाशी मराठी बोलणं नाही, बाळाशी बोलावं तर तेही सुचेना. बाळाच्या तपासणीला कन्सुलटाशीब्युरोत गेले, तिथल्या नर्सने बाळाचं वजन लिहून घेतलं आणि मला विचारलं, ‘आणि तू कशी आहेस?’ मला तिथे जे रडू आलं ते आवरेना. तिनेच मला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायला सांगितलं. त्यांच्या दवाखान्यातच मनाच्या दुखण्यासाठी एक वेगळी व्यक्ती असते, तिच्याकडे मी सहा-सात वेळा गेले, वेगळे पैसे पडले नाहीत. दोन आठवडे उलटूनही रडू, धास्ती, बाळाविषयी काहीच न वाटणं राहिलं तर तूही जा. ‘सगळ्यांनाच होतं गं’ असं फोनवर ऐकून गप्प बसू नकोस. मी बसले होते, महिनाभर.

त्या दिवसांत एका गोष्टीने तारलं. हिवाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असतं. लेक पहाटे तीनला दुधाला उठायची तेव्हा साताऱ्यात साडेसात वाजलेले असायचे, आई चहा घेऊन ओट्याशी उभी. फोन उशीला टेकवून ठेवायचा. ती कुकर लावायची, मी पाजायचे, पाठीमागे रेडिओ. बोलायचो असं नाही. अंगावरचं दूध रात्री कुणी वाटून घेऊ शकत नाही, पण तेवढ्या वेळात मी माहेरी असायचे.

म्हणून माणसं एकदम गोळा करू नकोस, एकामागून एक लाव. नवऱ्याला जन्मानंतर एक आठवड्याची भरपगारी रजा मिळते, ती क्रामझोर्खसोबत. मग आई, ऐंशीपंच्याऐंशी दिवस. नवऱ्याला आणखी पाच आठवडे सत्तर टक्के पगारावर मिळतात, पहिल्या सहा महिन्यांत घ्यावे लागतात, ते आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. शिवाय पहिल्या वर्षात दोघांनाही प्रत्येकी नऊ आठवड्यांची तशीच पालकरजा आहे, ती आठवड्यातून एक दिवस अशी फोडूनही घेता येते. आमच्या नवऱ्याने पाच आठवडे आई असतानाच घेऊन टाकले आणि घरात तीन मोठी माणसं एका बाळाकडे बघत बसली. तुझी स्वतःची सोळा आठवड्यांची पगारी रजा मात्र इथे नोकरी असेल तरच. पाळणाघर लावणार असशील तर पोटुशी असतानाच नाव घाल, रांग मोठी आणि फी डोळे पांढरे करणारी आहे.

आईच्या व्हिसाला तुमच्याकडून एक हमीपत्र लागतं, त्यावर खमेंटेत जाऊन सही करून शिक्का घ्यायचा, आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तू स्वतः अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत विमानात बस, पुढे बहुतेक कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात. सोनोग्राफीचे नि रक्ताचे सगळे रिपोर्ट जवळच्या बॅगेत.

बाळंतविडा: तूप आणू नका, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. इथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की उत्तम तूप होतं, आईसुद्धा म्हणाली. मेथी, शेपू, ओवा हेगच्या सुरिनामी हिंदुस्थानी दुकानांत मिळतो. त्यांचे पणजोबा १८७३पासून बिहार-उत्तर प्रदेशातून मजूर म्हणून सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेलेले, तेव्हा शेपूची जुडी घेताना दुकानदार तुझ्याशी त्याच्या हिंदीत दोन शब्द बोलेल. हळीव, डिंक, खारकेची पूड, बाळंतशेपा पुण्याहून आण. कुंची आणि सुती दुपटी तर नक्की, मऊ जुन्या साडीची. नवी शिवू नकोस, आईची नेसलेली साडी फाड.