वाचकांचे प्रश्न: जुन्या फोटोतील माणसे हसत का नाहीत?

प्रश्न: आमच्या घरी पणजोबा-पणजींचा 1912 साली स्टुडिओत काढलेला फोटो आहे. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नाही. त्या काळचे कॅमेरे मंद होते, हेच त्याचे कारण का? शिवाय फोटोच्या कडांना अलीकडे चकाकी आली आहे. तो लॅमिनेट करून घ्यावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: मंद कॅमेऱ्याचे कारण आपल्या फोटोला लागू पडत नाही. 1839 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच संशोधक दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत आणि पुढेही काही वर्षे मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत, हे खरे. परंतु 1871 नंतर फोटो टिपण्यासाठी जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा प्रचारात आल्या आणि 1912 पर्यंत स्टुडिओतील काम क्षणा-दोन क्षणांवर आले होते. तेवढा वेळ हसू सहज टिकले असते.

ते गांभीर्य हेतुपुरस्सर आहे, असे माझे मत आहे. फोटोग्राफी तोवर आपल्याकडे नवलाईची राहिली नव्हती: मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत गोव्यातील मांद्र्याच्या लाड घराण्यातील डॉ. नारायण दाजी होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीत ‘सौझा अँड पॉल’ ही छायाचित्रकारांची पेढी चालत होती. तरीही बहुतेक कुटुंबांत फोटो काढण्याचा योग आयुष्यात एक-दोनदाच येई, आणि आपल्या पश्चात हाच फोटो हार घालून भिंतीवर लागणार आहे, याची कल्पना बसणाऱ्याला असे. म्हणून ठेवणीतले लुगडे, दागिने, कोट आणि टोपी. मागे खांब व पडदे रंगवलेला देखावा. (पणजोबांच्या हातात पुस्तक असेल तर ते त्यांचेच असेल असे नाही; अशा वस्तू स्टुडिओत ठेवलेल्या असत.) कुळाची प्रतिष्ठा नोंदवणाऱ्या अशा चित्रात मोकळे हसू पोरकट ठरले असते.

कडांवरील चकाकी ही फोटोतलीच चांदी आहे. दमट हवेमुळे चांदीच्या कणांवर रासायनिक क्रिया होते आणि ती पृष्ठभागावर येते. फोटो तिरपा धरल्यास काळ्या भागांवर निळसर, आरशासारखी झाक दिसेल. ती पुसू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण उष्णता आणि डिंक यांनी झालेली हानी भरून निघत नाही. आधी चांगले स्कॅन करून घ्यावे. मूळ फोटो आम्लरहित पुठ्ठ्यात, काचेला न चिकटेल असा ठेवावा आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवरून उतरवावा; बुरशी आणि कसर दोन्ही तिथूनच शिरतात. भिंतीवर प्रत लावली तरी चालेल.