कॅनपीचा रंग कुठला घेऊ? (वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी मूळचा नाशिकचा, सध्या आयडाहोत बॉइझीला नोकरीला. स्कायडायव्हिंगच्या २३० जंप झाल्यात, आता ट्विन फॉल्सच्या पेरिन ब्रिजवर बेस जंपिंगचा (विमानातून नाही, पूल-कड्यांवरून पॅराशूट घेऊन उडी) पहिला कोर्स करायचाय आणि मग स्वतःची रिग, म्हणजे पॅराशूटचा अख्खा संच, घ्यायची. कंपनीच्या साइटवर कॅनपीच्या (पॅराशूटच्या कापडी छत्रीच्या) एकेका सेलला, म्हणजे कप्प्याला, रंग भरून बघता येतो, तीन आठवडे झाले रोज रात्री तेच करत बसलोय. बायको म्हणते, मी पैठणी घेतानाही एवढा वेळ लावत नाही. मला पूर्ण काळी आवडते, मित्र म्हणतो निऑन घे. रंगाने खरंच फरक पडतो का?

उत्तर : बायकोला सांग, पैठणीचा रंग नाही आवडला तर नणंदेला देता येते, याचं तसं नाही. बाकी साडी आणि पॅराशूट एकत्र हवंच असेल तर आपल्या पुण्याच्या शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून स्कायडाइव्ह केलीय, हौस तिथे भागव.

फरक पडतो रे, पण तू शोधतोयस तिथे नाही. रंगामुळे कॅनपी लवकर उघडत नाही की सरळ उघडत नाही, ते पॅकिंगवर आणि उडी मारताना तुझं अंग कसं होतं त्यावर. रंगाचं काम दिसणं, बास. कोणाला दिसायला हवी आणि कधी, एवढं ठरवलंस की निम्मे रंग आपोआप बाद होतील.

सगळ्यात आधी ती तुलाच दिसायला हवी, आणि तीसुद्धा जमिनीवर, पॅक करताना. पेरिनचा पूल नदीपासून ४८६ फूट, काहीच उघडलं नाही तर साडेपाच-सहा सेकंदात खेळ खल्लास, आणि पाठीवर पॅराशूट एकच, राखीव (रिझर्व्ह) वगैरे काही नाही. त्यामुळे स्कायडायव्हिंगला जसं दहा मिनिटांत कोंबून पुढच्या विमानाला पळतो तसं इथे कोणी करत नाही, निवांत बसून, घडीघडीला क्लॅम्प लावून, डावी बाजू उजवीसारखी होते का बघत बसायचं असतं. कारण एका बाजूने आधी हवा धरली तर कॅनपी वळून उघडते. पुलावर ते एक वेळ खपून जातं, मागेही मोकळीच हवा असते, पण उद्या कड्यावर गेलास तर मागे भिंत आहे. म्हणून माझा पहिला आग्रह, सात सेलपैकी मधला चौथा वेगळ्या रंगाचा घे, पुढे नोजपासून मागे टेलपर्यंत. घडी घालताना मध्य कुठेय ते एका नजरेत कळतं, बोटाने सेल मोजत बसावं लागत नाही आणि टेल तिरकी गुंडाळली तर लगेच खटकते.

दुसरं म्हणजे खालची बाजू, जिच्याकडे कोणी लक्षच देत नाही! वरची बाजू तुला हवेत कधी दिसतच नाही, ती पुलावर उभे असलेल्या मित्रांच्या फोटोसाठी. तू मान वर करशील तेव्हा दिसतं खालचं कापड आणि त्यावरून गेलेल्या लाइन, म्हणजे दोऱ्या. एखादी लाइन कॅनपीवरून आडवी गेलीय का, कुठे फाटलंय का, हे तुला क्षणात कळायला हवं. बेसच्या लाइन बहुतेक जाड डेक्रॉनच्या, त्या पांढरट असतील तर खाली निळा किंवा लाल चालेल, काळ्या लाइन घेतल्यास तर खाली फिका. मी स्वतः टॉगलही (वळायला ओढायच्या मुठी) पिवळेधमक घेते, काळ्या रायझरवर (खांद्यावरून वर जाणाऱ्या पट्ट्यांवर) काळे टॉगल ही फॅशन कोणी काढली देव जाणे.

तिसरं, शोधणाऱ्याला दिसायला हवी. इथे माझीच फजिती सांगते. स्वस्तात मिळाली म्हणून मी एक सेकंडहँड गडद हिरवी कॅनपी घेतली होती, एकदा डोंगरात वाऱ्याने ढकललं आणि गेले ती सरळ सुचिपर्णी झाडांत. मला खरचटलंही नाही, पण फांदीला लटकून मी ओरडतेय आणि खाली चाळीसेक मीटरवर उभा असलेला मित्र भलत्याच झाडाकडे बघतोय, आवाज दरीत घुमतो त्यामुळे दिशाच कळत नाही, पाऊण तास गेला त्याला मी सापडायला. ती कॅनपी मी पुढच्याच महिन्यात विकली, आणि हो, ज्याने घेतली त्याला हे सगळं सांगूनच विकली. पेरिनखाली काळाकरडा दगड आणि वाळकं झुडूप, तिथे काळी कॅनपी पडली तर दगडात दगड. केशरी घे.

काळ्याचं आकर्षण मला समजतं, त्याला इतिहास आहे. १९७८ मध्ये कार्ल बोएनिशने (बेस जंपिंगचा जनक म्हणतात त्याला) अमेरिकेतल्या योसेमिटी पार्कच्या एल कॅपिटन कड्यावरून त्याच्या मंडळींनी मारलेल्या उड्यांचं शूटिंग केलं, १९८० मध्ये पार्कने थोडे दिवस परवाने दिले आणि बंद केले, तेव्हापासून लपूनछपून, पहाटे-संध्याकाळी मारणाऱ्यांना गडद कापड सोयीचं. पण तू पेरिनवर मारणार, तिथे वर्षभर कधीही मार, परवाना लागत नाही. मग कोणापासून लपतोयस?

निऑनबद्दल मित्र अर्धा बरोबर. दिसतं झकास, पण तेच रंग उन्हात सगळ्यात आधी विटतात. आणि उन्हाने नुसता रंग जात नाही, नायलॉन कुठल्याही रंगाचं असो ते कमजोर होतं, त्यामुळे उतरल्यावर कॅनपी उन्हात पसरून पोहे खात बसू नकोस. अजून एक, पेरिनला कधी ना कधी नदीत पडशीलच, आणि पांढऱ्याशेजारी गडद लाल असेल नि ओली कॅनपी तशीच कोंबून ठेवलीस तर लाल पांढऱ्यावर उतरू शकतो, होळीचा सदरा जसा. धुऊन सावलीत वाळव.

तर मी असते तर : मधला सेल पिवळा, बाजू केशरी, खालून निळा, लाइन पांढऱ्या. दिसायला सर्कशीचा तंबू, माहितीये. आणि ऑर्डर कोर्स झाल्यावरच दे, तोवर कोर्सवाल्यांची वापर, कदाचित साइजच बदलावी लागेल.

प्रश्न : झुरिकहून लिहितेय. इथल्या लाऊटरब्रुनेनच्या दरीत फिरायला गेलो तेव्हा एक बेस जंपर शेतात उतरला आणि लगेच पॅराशूट कवळ्यात गोळा करून कुंपणाबाहेर पळाला. चोरून मारत होता का?

उत्तर : नाही हो, उलट शहाणा होता. ते गवत म्हणजे गाईंचा हिवाळ्याचा चारा, तुडवलं की शेतकऱ्याचं नुकसान, म्हणून तिथे जंपर पैसे भरून लँडिंग कार्ड घेतात आणि उंच गवतात उतरत नाहीत. शिवाय भडक रंगाची कॅनपी शेतात पसरून पडली की बघणाऱ्याला वाटतं माणूस जखमी आहे, आणि कोणीतरी हेलिकॉप्टरला फोन लावतं.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून मारायची झाली तर कुठला रंग? (पुणे)

उत्तर : रंगाचं नंतर बघू. एक तर तो अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे असलं काही नाही. दुसरं, कड्यावर बसून वाळलेलं पान खाली टाकून बघितलंय का कधी? वारा असेल त्या दिवशी ते वर येऊन डोक्यामागे पडतं. पान चाललं मागे तर कॅनपीही मागेच जाणार, आणि मागे कडा आहे.