रिपोर्टमधलं ‘ए३, एन०’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : माझे दीर (वय ४२) आंबे काढताना झाडावरून पडले. पाय नीट हलतात, लघवी-संडासचा त्रास नाही. रिपोर्टमध्ये ‘एल-१ बर्स्ट फ्रॅक्चर, ए३, एन०’ असं आहे. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात बेल्टवर भागेल. कोणाचं ऐकायचं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, एल-१ म्हणजे कमरेचा पहिला मणका. पण आधी एन० बघा. एन म्हणजे नसा, शून्य म्हणजे नसांना काही झालेलं नाही, बाकी सगळं यानंतर.

आता ए, बी, सी. ए म्हणजे मणका दाबला गेलाय, बी म्हणजे तिथलं हाड किंवा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) ताणून फाटलंय, आणि सी म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून सरकलाय, हा सगळ्यात वाईट. ए मध्येही प्रकार आहेत, ए१ मध्ये मणका फक्त पुढून पाचरीसारखा दबतो, हाडं ठिसूळ झालेल्या आजीबाईंना नुसतं बूड आपटलं तरी होतं ते हेच. ए३ मध्ये, म्हणजे तुमच्या बर्स्टमध्ये, मणक्याची मागची भिंतही फुटते आणि तिच्या लगेच मागे नसांची नळी असते म्हणून डॉक्टर सावध होतात. वरची-खालची दोन्ही टोकं फुटली तर ए४.

मग दोन डॉक्टरांची दोन मतं का? १९८३ मध्ये डेनिस या सर्जननी कण्याचे पुढचा, मधला, मागचा असे तीन खांब मानले, त्या हिशोबाने मधला खांब (वरची ‘मागची भिंत’ यातच येते) मोडला की केस अनस्टेबल, म्हणजे मणका हलू-सरकू शकेल अशी, धरायचे, आजही बरेच जण तसाच विचार करतात. २००५ मध्ये ऑपरेशन लागेल का ते ठरवायला टीएलआयसीएस नावाचा स्कोअर आला. त्यात बर्स्टचे २ मार्क, नसा ठीक म्हणून ०, आणि मागचं लिगामेंट शाबूत असेल तर ०, म्हणजे एकूण २. तीनपर्यंत सहसा ऑपरेशन नाही, पाच किंवा जास्त असेल तर ऑपरेशन. पण लिगामेंटबद्दल नुसता संशय असला तरी आणखी २ मिळतात आणि स्कोअर होतो ४, तिथे दोन्ही रस्ते चालतात! तुमच्याकडे बहुतेक हेच झालंय. त्यामुळे दोघांनाही एकच विचारा, एमआरआयमध्ये मागचं लिगामेंट कसं दिसतंय, आणि मणका किती अंशात वाकलाय तेही विचारा.

तोवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उठवून बसवू नका, आणि गावातल्या मालिशवाल्याकडे तर अजिबात नेऊ नका, कोणी कितीही गुण येतो म्हणालं तरी. पायाला बधिरपणा आला, ताकद कमी वाटली किंवा लघवी अडकली तर रात्री दोन वाजता का होईना, सरळ कॅज्युअल्टी गाठा.