नथ एक, बहिणी तीन

पडवी : वाचकांचे प्रश्न, आजीची उत्तरं

लावणी आटोपली. पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा पडवीत बसून या खेपेची सगळी पत्रं ऐकली. नातीने वाचून दाखवली आणि उत्तरंही तिनेच लिहून घेतली. गणपती तोंडावर आलेत म्हणून असेल, पण बहुतेक पत्रांत घर आणि घरातल्या जुन्या वस्तूच आहेत. दोघांनी मुक्या जनावरांविषयी विचारलंय.

प्रश्न : आजी, आई जाऊन वर्ष झालं. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. भांडी, साड्या, सगळं न भांडता वाटून झालं. अडलंय ते नथीपाशी, कारण नथ एकच. धाकटी म्हणते विकून पैसे वाटू. थोरली म्हणते पहिला मान माझा. मी मधली, काय करू? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : बाय, विकू तर मुळीच नका. नथीत सोनं असतं ते तारेपुरतं आणि जुन्या मोत्यांना सराफ फारसा भाव देत नाही. तीन वाटे केलेत तर प्रत्येकीच्या हातात चार दिवसांच्या बाजाराचे पैसे येतील आणि आईचं नाक कायमचं जाईल.

आमच्या घरात चार सुनांत एकच नथ होती. सासूबाईंनी जिवंतपणीच ठरवून टाकलं : ज्या घरी त्या वर्षी गौर, त्या घरी नथ. आमच्याकडे पूर्वा नक्षत्र मिळालं की नव्या सुनांचे ओवसे होतात. सुपं भरून नवी सून गौरीपुढे ओवसायला बसते, तेव्हा तिच्या नाकात हीच नथ असते. मी १९७१ साली घातली, माझ्या सुनेने घातली, तिच्या दोन्ही जावांनी घातली. नथीच्या डबीत घडी घातलेला वहीचा कागद आहे. कुठल्या वर्षी कोणी घातली, कधी मोती निसटला, कोणी बसवून आणला, पैसे कोणी दिले, सगळं त्यावर. पहिली ओळ माझ्या धाकट्या दिराची, तेव्हा तो सातवीत होता. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं, त्याने लिहिलं, आणि खाली त्यांनी अंगठा उठवला. त्या कागदामुळे आमच्यात नथीवरून कधी शब्दाला शब्द लागला नाही.

तुम्हीही तसंच करा, पण पहिलं वर्ष धाकटीकडे द्या. विकू म्हणते म्हणजे तिला आईची वस्तू नकोय, असं धरून चालू नका. शेंडेफळाच्या वाट्याला आई सगळ्यात कमी वर्षं येते. आपल्याला ती मिळणारच नाही असं तिने मनाशी ठरवून टाकलं असेल. आणि थोरलीला सांगा, मान तुझाच, तुझ्या हाताने तिच्या नाकात घाल.

नथ घालायची ती सगळं आवरून झाल्यावर. अत्तर-पावडरीने मोती खराब होतात. काढली की मऊ सुती फडक्याने घाम पुसा आणि फडक्यातच गुंडाळून डबीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

प्रश्न : आमचा कुत्रा चौदा वर्षं घरात होता, गेल्या महिन्यात गेला. माझा आठ वर्षांचा मुलगा रोज विचारतो तो कुठे गेला. आम्ही सांगितलं, मामाच्या गावाला गेलाय. शेजारचे म्हणतात, कुत्र्याचं कसलं सुतक पाळताय, दुसरं पिल्लू आणा. आणावं का? (एक वाचक, देवरुख)

उत्तर : आधी मुलाला खरं सांगा. आजच.

हे मी माझ्या चुकीवरून सांगते. माझा मोठा मुलगा सहा वर्षांचा असताना आमच्या गोठ्यातलं पाडस पावसाळ्यात दगावलं. त्याला फार लळा होता. मी म्हटलं, गावाला गेलंय. आमच्याकडे गावाला जायचं म्हणजे एस्टीने. पोर रोज संध्याकाळी पाखाडी उतरून थांब्यावर जाऊन उभं राहायचं, शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत. चौथ्या दिवशी कंडक्टरने मला विचारलं, कोणाची वाट बघतो हा? मी त्याला जवळ घेऊन सांगितलं तेव्हा तो पाडसासाठी रडला आणि खोटं सांगितलं म्हणून माझ्यावर रागावला. तो राग कित्येक दिवस टिकला. मुलं मरण समजून घेतात हो. ‘मेला’ हाच शब्द वापरा. ‘झोपला’ म्हटलंत तर पोर रात्री झोपायला भिईल.

आता माझ्या मोत्या कुत्र्याविषयी. २०१० च्या पावसात एस्टीच्या शेडखाली गोणपाटात कोणीतरी टाकलेला सापडला. एक कान उभा, एक पडलेला, शेवटपर्यंत तसाच. त्याच्याआधी आमचे दोन कुत्रे बिबळ्याने खळ्यातून उचलून नेले होते, म्हणून याला रात्री कधी बाहेर ठेवला नाही. पडवीला जाळी मारून घेतली ती त्याच्यासाठी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमचा दापोली तालुक्याचा किनारा, वाऱ्याच्या तोंडावरच. मुलगा-सून मुंबईत अडकलेले, घरात मी आणि मोत्या. दुपारी कौलं उडायला लागली तशी मी माजघरात माळ्याखाली जाऊन बसले. एरवी साधं पान पडलं तरी भुंकणारा कुत्रा, त्या दिवशी एकदाही भुंकला नाही. माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडून राहिला. बाहेर पोफळी मोडत होत्या, त्याचा कडाकड आवाज. तो थरथरला की मला कळायचं, मी थरथरले की त्याला. वारा पडल्यावर दार उघडलं तर समोर आगरच नाही, नुसतं आभाळ. फणस मुळासकट आडवा झाला होता. मोत्या दुपारचा त्या फणसाखाली झोपायचा. पुढे कित्येक दिवस दुपार झाली की तिथे जायचा, उन्हात उभा राहायचा आणि परत यायचा.

२०२३ च्या माघात गेला. त्या दिवशी माझ्या घरी चूल पेटली नाही. शेजारणीने भाकरी आणून दिली, ती पण तशीच राहिली. तेव्हा सुतकाचं मला विचारू नका, मी पाळलं. आमचा जांभा कठीण, कुदळीला दाद देत नाही. पहारीने खणून दोघा गड्यांनी कंबरेएवढा खड्डा घेतला, विहिरीपासून लांब, वरच्या अंगाला. कोल्हे उकरतात म्हणून वर चिरे रचले. नंतर शेजारी तगर लावली. नातवंडं आली की फुलं काढायला तिकडे जातात. तुमच्या मुलालाही असं एखादं ठिकाण दाखवा.

दुसरं पिल्लू आणाच, पण मुलगा स्वतः मागेल तेव्हा. आणि त्याला जुन्याचं नाव ठेवू नका, ते पिल्लू बिचारं आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाने मोजलं जातं. सहा-आठ आठवड्यांचं झालं की सरकारी दवाखान्यात नेऊन लसी सुरू करा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांला, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता. आपल्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची लसही विचारून घ्या. चिखल, उंदीर, साठलेलं पाणी, कोकणातला कुत्रा सगळ्यात फिरतो.

प्रश्न : सून पाच महिन्यांची गरोदर आहे. नऊ वर्षांची मांजरी घरात आहे. सून म्हणते मांजराच्या केसांनी बाळाला धोका, तिला सोडून या. मुलगा गप्प बसतो. मला झोप नाही. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : ताई, सून उगाच म्हणत नाही, तिची भीती फक्त चुकीच्या जागी आहे. धोका केसांचा नाही, विष्ठेचा आहे. टोक्सोप्लाझ्मोसिस नावाचा आजार मांजराच्या विष्ठेतून होऊ शकतो आणि गरोदरपणी नव्याने झाला तर बाळाला बाधतो. पण ती विष्ठा दिवसभर तरी पडून राहावी लागते, लगेच लागण होत नाही. म्हणून राखेची पाटी रोजच्या रोज साफ व्हायला हवी, आणि ती तुम्ही करायची. सुनेने हातही लावायचा नाही. बागेतल्या मातीत मोकळ्या हातांनी काम नको, भाजी नीट धुवायची, मटण-कोंबडी पूर्ण शिजलेली. हा आजार कच्च्या मांसातूनही होतो, म्हणून मांजरीलाही कच्चे तुकडे घालू नका, उकडून घाला. रक्ताची तपासणी करायची का ते तिच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारायला तुम्ही तिच्याबरोबर जा.

हे सगळं तुम्ही स्वतः सुनेला सांगा, मुलाच्या तोंडून नको. ‘पाटी रोज मी काढीन, मांजरी तुझ्या खोलीत येणार नाही’ एवढं बोललात की अर्धी भीती जाईल. मुलालाही म्हणावं, दोघींच्या मध्ये गप्प बसलास की दोघींना तू दुसरीकडचा वाटतोस.

मांजरीच्याच नावाने आणखी एक. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, अर्धीसुद्धा. मांजर त्याने मरतं.

प्रश्न : वडिलांची जुनी पत्रं आहेत आणि एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. पावसाळ्यात सगळ्याला बुरशी धरते. लॅमिनेशन करू का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : लॅमिनेशन नको. एकदा केलं की ते परत निघत नाही. फोटो ओढू नका, पाणी लावू नका. काचेसकट उजेडाकडे तिरका धरून, फ्लॅश न मारता मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्या आणि मूळ फोटो काचेसकटच जपा.

कागदाचं मला अनुभवाने ठाऊक आहे. आमचे हे गिरणीत होते. महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्या कुपनावर संदेशापुरती जागा असायची, त्यात दोन ओळी. ‘लावणी झाली का. पावसात एकटी विहिरीवर जाऊ नको.’ दहा वर्षांची कुपनं मी लोखंडी तारेत ओवून खुंटीला टांगली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डर थांबली, आणि त्या पावसाळ्यात हेच ट्रंक घेऊन घरी आले. पुढे तार गंजली. आता प्रत्येक कुपनाच्या मधोमध तांबडं भोक आहे, कुठे ‘काळजी’ गेलीय, कुठे तारीख. म्हणून तार, टाचणी, रबर, जे असेल ते आधी काढा. साध्या कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या डब्यात, उंचावर ठेवा. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून कोपऱ्यात टाका, कागदाला टेकू देऊ नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सावलीत वारा द्या, उन्हात मात्र नको.

प्रश्न : आजी, मी पाचवीत आहे. बाईंनी विचारलंय, घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती. तुमच्या घरातली कोणती? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : बाळा, सगळ्यात जुनं आमचं जातं. पण मी तुला पातेल्याची गोष्ट सांगते.

माझं माहेर चिपळूणकडचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी सोळा वर्षांची होते. गोठ्यात कपिला गाय दाव्याला हिसके देत होती, त्याने आईला जाग आली. ती उठून बसते न बसते तोच घर हललं. फळीवरची भांडी धडाधड खाली आली. बाबांनी आम्हाला खळ्यात काढलं आणि स्वतः आत जाऊन कपिलेचं दावं सोडलं. मागाहून कळलं, भूकंप कोयनेला झाला आणि तिकडे किती माणसं गेली. आठ दिवस आम्ही खळ्यातच झोपलो, कपिला आमच्या उशाला.

पितळेचं मोठं पातेलं त्या पहाटे पडलं, त्याला बुडाजवळ पोचा आला. लग्नात आई मला नवं देत होती, मी तेच मागून घेतलं. कल्हईवाला यायचा तेव्हा भाता चालवायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. दर वेळी म्हणायचा, पोचा काढून देतो, पैसे नकोत. दर वेळी मी नको म्हणायचे. आता तो क्वचित येतो. कल्हई विरलीय, म्हणून त्यात आमसुलाचं, ताकाचं काही करत नाही, कळकतं. पाणी तापवते.

पोच्यामुळे ते चुलीवर डगमगतं. त्या बाजूला खाली कौलाचा तुकडा सारते, वादळात फुटलेल्या कौलाचा. तू आलीस की दाखवीन.